वस्त्रगाळ राख

"पाव्हणं, जरा भाईर येताय? चपला नका घालू, वाजत्यात."

पाडव्याची सकाळ होती. कानामागं उटणं अजून चिकटलेलं, पुढ्यात चकल्यांची बशी, आणि सासूबाई दाराच्या फटीतून मला खुणावत होत्या. लग्नानंतरचा माझा पहिला दिवाळसण. जावयानं पाटावर बसावं, वाढलेलं खावं आणि कुणी काही विचारलं तर हसावं, एवढंच त्या दिवसाचं काम. मी हातातली चकली खाली ठेवली आणि अनवाणी बाहेर गेलो.

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला मामी. तर मामी अंगणात गाडीच्या खोळीशी झटापट करत होत्या. खोळीची दोरी बंपरखालून घेऊन बांधलेली होती आणि गाठ काही सुटत नव्हती.

"काल मी साधी सोडगाठ मारलेली," त्या पुटपुटल्या. "ही अशी कशी आवळली, द्येव जाणं."

मी इकडून तिकडून टोकं ओढून बघितली. तिसरं टोक ओढल्यावर गाठ अलगद सुटली. मामींनी आजूबाजूला बघून खोळ काचेपर्यंत वर केली आणि डोळ्याला पदर लावला.

गाडी काळीभोर. आठ महिन्यांपूर्वी मामा एस.टी.च्या आगारातून निवृत्त झाले आणि आयुष्यातली पहिली गाडी घेतली. कराडात त्यांच्या गल्लीतही ती पहिलीच. तिच्यावर सकाळचं ऊन पडलं आणि बॉनेटभर कोळ्याची जाळी उमटल्यासारखे बारीक ओरखडे चमकायला लागले. काळा रंग मोठा चहाडखोर. पांढऱ्या गाडीला म्हैस अंग घासून गेली तरी ती बिचारी ब्र काढत नाही, पण काळ्या गाडीवर नुसतं फडकं चुकीचं फिरलं तरी ती गावभर सांगत सुटते.

"मामी, कशानं पुसली?"

"राखंनं."

"राखेनं?"

"बंबातल्या. पयल्या आंगुळीची राख हुती. समई, ताम्हन, हंडा समदं घासलं, कसं लख झालं बगा. मग गाडीवर कावळ्यानं घाण केल्याली दिसली. म्हटलं, एवढं पितळ उजळतंय तर ही का उजळू नये? ह्यांना पाडव्याला बरं वाटंल." मग एकदम ताठ होऊन म्हणाल्या, "नारळाच्या शेंडीनं न्हाय हं घासली. मी काय खुळी हाय? मऊ लुगड्याचा तुकडा घेतला, आन् राख वस्त्रगाळ केल्याली. फकस्त एका जागी घाण वाळल्याली, तितं शेंडीचं टोक जरा लावलं."

काल दुपारी मामा बाजारात गेले असताना हे सगळं उरकलं होतं. गाडी ओली होती तोवर छान दिसली. मामींनी खूश होऊन खोळ घातली. पडवीशेजारी राखेची भुकटी सांडलेली दिसली म्हणून आज सकाळी खोळीची कड उचलून आत डोकावलं, तर हा प्रकार.

"मामा कुठं आहेत?"

"सातलाच गेल्यात, फुलं आनाय. पायीच. गाडी न्हाय काढली, द्येवानंच बुद्धी दिली म्हना." त्यांनी माझा दंड धरला. "पाव्हणं, ह्यो मानूस वराडत न्हाय. ह्यो बोलतच न्हाय. मागं माझ्या हातनं ट्रान्झिस्टर पडला, तर गणपतीपास्नं म्हाळापर्यंत आन् म्हाळापास्नं दिवाळीपर्यंत एक सबुद न्हाय. लेकीचा पयला दिवाळसण हाय. ह्या घराला मुकं करू नका. सांजच्याला पाच वाजता ह्यांच्या आगारातलं जंगम सायेब येनार, गाडी बगाय. तवा खोळ निगनार."

खरं सांगतो, मला त्या क्षणी त्यांची दया आली, पण त्याहून जास्त माझे हात शिवशिवले. मी बॉनेटवर अंगठ्याचं नख आडवं फिरवलं. एकदा, दोनदा, चारदा. नख घसरत गेलं, कुठं अडकलं नाही. म्हणजे ओरखडे नुसत्या वरच्या पारदर्शक थरात होते, खालच्या रंगाला धक्का नव्हता. वस्त्रगाळ राखेनंच गाडी वाचवली होती. साध्या राखेतला एखादा खडा असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं.

"निघेल," मी म्हणालो.

"समदं?"

"मामी, उद्यमनगरात नऊ वर्षं हेच करतोय. निघेल."

आता अडचण ऐका. मी कोल्हापुरात गाड्यांना रबिंग आणि पॉलिश करायचो. आज माझं स्वतःचं दुकान आहे, तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात होतो. लग्न ठरवताना मामांनी मला विचारलं होतं, "नक्की काय करता?" मी सांगितलं, "रबिंग-पॉलिश." ते म्हणाले, "म्हणजे गाड्या घासता." मी हो म्हटलं. पुढं ते पाहुण्यारावळ्यांना सांगताना "कोल्हापुरात व्यवसाय आहे" एवढ्यावर भागवत राहिले. नाव रंगराव आणि हातात फडकं, असा जावई त्यांनी काही स्वप्नात बघितला नव्हता. म्हणून येताना कासेगावला चहाला थांबलो तेव्हा माझ्या बायकोनं, विजयमालानं, मला शपथ घातली होती.

"तिथं कुठल्याही गाडीला हात लावायचा नाही. गाडी दिसली की तुमचे हात शिवशिवतात. माझ्या माहेरात शिवशिवू देऊ नका."

"नाही लावणार."

"आणि बाबांच्या गाडीकडं तर बघायचंपण नाही."

शपथ हातांची होती, डिकीची नव्हती. मोटारसायकलच्या डिकीत रबिंग कंपाउंडचा अर्धा डबा, बारीक पॉलिशची बाटली आणि चार फलालीनची फडकी कायम असायची. सोनार लग्नाला गेला तरी त्याच्या खिशात कसोटी असते, तसं आहे हे.

सामान होतं, पण गाडी उभी होती अंगणात, भर उन्हात, मामांच्या आरामखुर्चीच्या बरोबर समोर. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लावलं की ते जागीच वाळतं आणि डाग धरतं. गाडी घरामागं फणसाच्या सावलीला न्यायला हवी होती. त्यासाठी किल्ली हवी, आणि किल्ली मामांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात. त्या खिशाला त्यांनी बटण लावून घेतलेलं.

मामा दहाला परत आले. हातात झेंडूचा पुडा, पायावर धूळ.

"इतका वेळ?" मामींनी विचारलं. "फुलं काय साताऱ्यातनं आनली?"

"चालायला बरं असतं," मामा म्हणाले आणि गाडीकडं न बघता आत गेले.

दुपारी पानं मांडली. माझ्या पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणपोळी, कटाची आमटी, वर करंज्या. शेजारी तबकात अंगठी ठेवलेली. दिवाळसणाला जावयानं रुसायचं असतं, ही आपली जुनी मजा. जावई घास उचलत नाही, सासरा "काय हवं" विचारतो, जावई आढेवेढे घेतो आणि शेवटी जे आधीच ठरलेलं असतं तेच घेतो. सगळ्यांना सगळं माहीत असतं, तरी सगळे हसतात.

मी हात मांडीवर ठेवून बसलो.

"बाबा, हे रुसले," माला हसत म्हणाली.

मामांनी तबक पुढं सरकवलं. "घ्या पाव्हणं. माप बरोबर आहे, मालीकडनं घेतलंय."

"अंगठी नको, मामा."

मालाचं हसू थांबलं. हे ठरलेलं नव्हतं.

"मग?"

"गाडीची किल्ली."

मामींच्या हातातली पळी तुपाच्या भांड्यात पडली. मालानं माझ्याकडं असं बघितलं की मला ती नजर आजही पाठ आहे. पहिल्या दिवाळसणाला सासऱ्याची आठ महिन्यांची गाडी मागणारा जावई म्हणजे काय चीज असेल, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं. मी खाली ताटाकडं बघत राहिलो. रुसायचं तर पुरतं रुसावं.

मामांनी तबक आपल्याकडं ओढून घेतलं.

"किती वेळ?" मामांनी विचारलं.

मी मान वर केली. गाडी कशाला, कुठं न्यायची, असं काहीच नाही. किती वेळ.

"चारपर्यंत."

त्यांनी आतल्या खिशाचं बटण काढलं आणि किल्ली अंगठीशेजारी तबकात ठेवली. "अंगठीपण घ्या. आणि जेवा आता, पोळी गार होते." मग मामींना म्हणाले, "मी जेवून झोपणार आहे. मला कुणी उठवू नका."

"तुमी? दुपारचं?" मामी म्हणाल्या. चाळीस वर्षांत मामा दुपारी झोपल्याचं कुणी बघितलं नव्हतं.

"का? झोपू नये?"

माला माझ्यामागं फणसाखाली आली ती तोंडाचा पट्टा सोडतच. "लाज नाही वाटली? किल्ली? माझे बाबा काय म्हणतील? आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल मला. आणि हे फडकं कुठनं आणलंत? शपथ घातली होती ना मी!"

मी खोळ काढली. तिनं बॉनेट बघितलं, दार बघितलं, आणि मागं उभ्या असलेल्या आईकडं बघितलं. मामींनी पदराचं टोक दातात धरलं होतं.

"राख?" मालानं विचारलं. लेक आईला ओळखून होती.

"वस्त्रगाळ," मामी बारीक आवाजात म्हणाल्या.

मालानं एक मोठा उसासा टाकला आणि पदर खोचला. "पाणी कुठनं आणू?"

मग आम्ही कामाला लागलो. आधी भरपूर पाणी ओतून राखेचा कण न् कण घालवला, नाहीतर घासताना तीच राख पुन्हा ओरखडे काढते. कोरडं केलं. मग ओलसर फलालीनवर बोटभर कंपाउंड घेऊन एका वेळी वीतभर जागा. आधी आडवं, मग उभं, हात हलका. जोर लावायचा तो आधी आणि दर फेरीला कमी करत जायचा. लोकांना वाटतं ओरखडा आपण पुसून काढतो. तसं नसतं. ओरखड्याच्या दोन्ही कडा झिजवून त्याच्या तळाच्या पातळीला आणायच्या, म्हणजे ऊन तिथं अडखळत नाही. थर मात्र कागदापेक्षा पातळ, आणि गेला की परत येत नाही. म्हणून प्रत्येक वितीनंतर मी खाली वाकून तिरक्या उजेडात बघायचो.

पहिली वीत झाली. पुसली. त्या चौकोनात फणसाचं पान न् पान उमटलं. मामी वाकून बघत राहिल्या.

"आगं बया," त्या म्हणाल्या. "माली, बग की. माझं त्वांड दिसतंय."

मला त्या क्षणी केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! नऊ वर्षांत शेकडो गाड्या केल्या होत्या, पण घरचं माणूस शेजारी उभं राहून बघतंय असं कधी झालं नव्हतं. मालाही बघत होती, आणि आता तिच्या नजरेत ती चीज नव्हती. तिनं दुसरं फडकं उचललं.

मामींना मात्र तासात तीनदा आत जावं लागलं, कारण झोपलेले मामा सारखी हाक मारत होते. एकदा पाणी पाहिजे. एकदा बडीशेप. एकदा चष्मा कुठं ठेवलाय.

"झोपल्यालं मानूस चष्मा कशाला मागतंय?" मामी वैतागून म्हणाल्या. पण दर वेळी त्या आत गेल्या की मामा त्यांना चांगला पाव तास बसवून ठेवत, आणि खिडकी फणसाच्या बाजूला असूनही मामा एकदाही खिडकीत दिसले नाहीत.

साडेतीनला बॉनेट झालं, चारला दार. एकच जागा उरली, डाव्या दाराच्या मुठीखाली. शेंडीचं टोक लागलं होतं ती. करंगळीएवढी रेघ. मी तिथं नख फिरवलं आणि नख अडकलं. मी फडकं घडी करून ठेवलं.

"तेवढं राहिलं की," माला म्हणाली.

"तेवढं राहणार."

गाडी अंगणात लावतोय तोच मामा बाहेर आले. डोळ्यांवर झोपेचा मागमूस नाही. हात मागं बांधून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, आगारात गाडी सुटायच्या आधी मारत असतील तशी. मामी दारात खांबाला धरून उभ्या. मामा डाव्या दारापाशी थांबले, वाकले आणि मुठीखाली बोट ठेवलं.

"हे काय?"

"कावळ्यानं चोच मारली असेल," मी म्हणालो.

"असेल. कावळे फार झालेत." त्यांनी बोट तिथंच ठेवलं. "हे का नाही काढलंत?"

"मामा, तिथं नख अडकतं. नख घसरलं तर कितीही ओरखडे असू देत, निघतात. अडकलं की थांबायचं. हट्टानं घासत बसलं तर रेघ जाते, पण रंगपण जातो, आणि मग पांढरा डाग जन्मभर दिसतो."

त्यांनी अंगठ्याचं नख त्या रेघेवरून फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"अडकलं की थांबायचं," ते स्वतःशी म्हणाले. "चाळीस वर्षं गाड्यांत काढली, हे कुणी सांगितलं नाही."

पाचला जंगमसाहेब आले. मामांचे आगारातले जुने सहकारी, बोलायला मोठे ऐसपैस. गाडी बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "खराडे, ही दुसरी नवी घेतली काय? गेल्या महिन्यात बघितली त्यापेक्षा काळी झालीय!" मग माझ्याकडं वळून विचारलं, "आणि हे जावई? काय करतात?"

मालानं जमिनीकडं बघितलं. मी "व्यवसाय" या शब्दाची वाट बघत उभा राहिलो.

"गाड्या घासतात," मामा म्हणाले. आवाज चांगला खणखणीत. "असा हात कराडात कुणाला नाही. तुमची पण पाठवा कोल्हापूरला."

मी काही फार हळवा माणूस नाही. पण तेव्हा मला बॉनेटमध्ये बघून केस सारखे करावे लागले.

मग सगळ्यांनी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर जायचं ठरलं. मामी नेहमीसारख्या मागच्या दाराकडं गेल्या. आठ महिने त्या मागंच बसत होत्या, पिशव्यांशेजारी. पुढच्या सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक मामांनी अजून काढलं नव्हतं, मळेल म्हणून. मामांनी ते ओरबाडून काढलं आणि चुरगळून अंगणात टाकलं.

"अगं, पुढं बस," ते म्हणाले.

मामी जागच्या जागी थांबल्या. मग पुढं बसल्या, पदर नीट आवरून, एखाद्या नव्या नवरीसारख्या.

परत आल्यावर मामा गाडीला खोळ घालत होते. मी दुसऱ्या बाजूनं मदतीला गेलो. त्यांनी दोरी बंपरखालून घेतली, दोन वेढे दिले आणि तीन टोकांची एक गाठ मारली. मी ती गाठ बघत राहिलो. सकाळी मामींना न सुटलेली तीच.

"ताडपत्रीची गाठ," मामा माझ्याकडं न बघता म्हणाले. "आगारात शिकलो. तिसरं टोक ओढलं तरच सुटते."

"माहीत आहे," मी म्हणालो. "सकाळीच सोडली."

त्यांनी दोरी हातातून सोडली. "सहाला बघितलं मी. तोंड उघडलं असतं तर दिवाळी गेली असती. मिटलं असतं तरी गेली असती. मला या दोनच गोष्टी येतात, पाव्हणं. म्हणून चालत सुटलो. पार प्रीतिसंगमापर्यंत गेलो, तिसरी काही सुचली नाही. घरी आलो, तर तुम्ही किल्ली मागितलीत." मग घसा खाकरून म्हणाले, "हिला सांगू नका."

"काय?"

"मला ठाऊक आहे ते."

दुसऱ्या दिवशी निघताना मामींनी माझ्या हातात चिवड्याचा डबा दिला आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका हं." मी दोघांनाही शब्द दिला आणि एकवीस वर्षं पाळला. मामा दर दिवाळीला त्या रेघेवर नख ठेवायचे, माझ्याकडं बघून विचारायचे, "अडकतं का?" मी म्हणायचो, "अडकतं." ते म्हणायचे, "मग राहू दे."

तीन वर्षांपूर्वी मामा गेले. गाडी आता माझ्या दुकानात असते, मी ती कुणाला विकली नाही. गेल्या पाडव्याला मामी दुकानात आल्या होत्या. गाडीजवळ खुर्ची टाकून बसल्या, मुठीखाली हात नेला आणि ती रेघ बरोबर शोधून काढली.

"शेवटपत्तुर कळलं न्हाय बगा ह्यांना," त्या म्हणाल्या.

"नाही मामी," मी म्हणालो. दिलेला शब्द, पाळायलाच हवा. "कधीच नाही."

मामी माझ्याकडं बघून हसल्या.

"खोटं बोलू नका, पाव्हणं. पुढं बस म्हनले, तवाच वळखलं मी."